मेल सर्व्हर ऑफिसात ठेवायचा की होस्टेड घ्यायचा: हिंगणा, बुटीबोरीवाल्यांसाठी

मी नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या लहान युनिट्सचं आयटी पाहतो आणि सध्या जिकडे जावं तिकडे लोक हेच विचारून राहिले, का भाऊ जुना एक्स्चेंज सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा, ऑफिसात ठेवलेला मेल सर्व्हर) नवा करायचा की सरळ होस्टेड मेल (दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने) घ्यायचा? कारण एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ दोन्हीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टचंच ठेवायचं तर आता सबस्क्रिप्शन एडिशन आहे, म्हणजे एकदा पैसे भरले की मोकळे, हा हिशोबच गेला. आणि जुनाच चालू द्या म्हणणाऱ्यांनी मार्च २०२१ आठवावा. तेव्हा एक्स्चेंजमधल्या भोकांतून जगभरचे सर्व्हर फुटले, ज्यांच्यात वेब शेल, म्हणजे बाहेरून सर्व्हर चालवायचं चोरदार, आधीच टाकून ठेवलं होतं त्यांना नंतर पॅच मारूनही चोर घरातच राहिला.

लिनक्सवर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मेल सर्व्हरची सॉफ्टवेअर फुकट आहेत, दणकट आहेत, मला मनापासून आवडतात. मेल येण्यात काही अडचण नाही, रात्री लाइट गेली नि सर्व्हर बंद पडला तरी समोरचा सर्व्हर बहुतेक वेळा चार-पाच दिवस परत परत पाठवत राहतो, मेल हरवत नाही. खरा त्रास पाठवण्यात आहे. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, पाहिजे, इंटरनेटवाल्याकडून त्या आयपीचा पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे तो आयपी कोणत्या नावाचा ते सांगणारी नोंद, करून घ्या (यासाठी किती फोन करावे लागतात ते करणाऱ्यालाच माहीत), मग एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या नोंदी, आणि एवढं करून शेजारच्या आयपीवरून कोणी स्पॅम सोडला तर तुम्हीही ब्लॅकलिस्टमध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत आणखी कडक झालं. माझ्या एका फॅब्रिकेशनवाल्या क्लायंटचं कोटेशन पार्टीच्या स्पॅममध्ये पडून राहिलं नि ऑर्डर दुसऱ्याला गेली, त्याचं मला आजही वाईट वाटते.

त्यात आपला मे महिना. पारा ४५ च्या वर, आणि सर्व्हर ठेवलेल्या खोलीत लोक डेझर्ट कूलर लावतात! कूलरची ओलसर हवा मशीनला चांगली नाही, एसीच पाहिजे, तोही रात्रंदिवस, आणि त्याचं बिल कोणीच मेलच्या खर्चात धरत नाही.

म्हणून वीस-तीस लोकांच्या युनिटला मी होस्टेडच सांगतो. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो, तिन्ही काम चोख करतात. पाचच लोक असतील तर झोहोचा फुकट प्लॅन पाहा, फक्त तो ब्राउझरमध्ये आणि त्यांच्या ॲपमध्येच चालते, आउटलुकमध्ये जोडता येत नाही. सेल्स, अकाउंट्स अशा नावांसाठी वेगळं लायसन्स घेऊ नका, एलियास (त्याच खात्याचा दुसरा पत्ता) किंवा ग्रुप बनवा, पैसे वाचतात. वेबसाइटच्या होस्टिंगसोबत जो फुकट मेल मिळते त्याच्यावर मात्र धंदा ठेवू नका, तिथे एकाच आयपीवर शेकडो लोक असतात.

आता होस्टेडची जी बाजू विकणारे सांगत नाहीत ती. हा बॅकअप नाही! गूगलमध्ये ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी जातो, त्यानंतर परत आणायला ॲडमिनला २५ दिवस मिळतात, मग संपलं. माणूस सोडून गेला नि त्याचं खातं डिलीट केलं तर २० दिवसांतच परत आणता येते. पाच वर्षांपूर्वीच्या परचेस ऑर्डरवरून भांडण झालं तर काय दाखवाल? ऑफिसात एक छोटा नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) ठेवा आणि सगळ्या मेलची कॉपी तिथे उतरवत राहा. आणि डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतरचं नाव. ते मालकाच्याच नावावर, मालकाच्याच मोबाइल नंबरवर पाहिजे, विकणाऱ्याच्या नाही. एका युनिटचं डोमेन जुन्या वेंडरच्या खात्यात अडकलं होतं, तो फोन उचलेना, आणि डीएनएस (डोमेनचा मेल कुठे जायचा ते ठरवणाऱ्या नोंदी) हातात नसल्यामुळे आम्हाला मेल हलवताच येईना. पैसे भरायच्या आधी हे तपासा, बाकी सगळं नंतर सुधारता येते.

स्वतःचा सर्व्हर मी फक्त तिथेच सुचवतो जिथे मोठमोठे ड्रॉइंग दिवसभर आतल्या आत फिरतात, किंवा पार्टीशी करार आहे की डेटा आवाराबाहेर जाणार नाही, आणि पगारावर एक माणूस आहे ज्याचं कामच पॅच, लॉग, बॅकअप पाहणं आहे. लॉगही सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशाप्रमाणे १८० दिवस ठेवावे लागतात.

बदलताना शनिवारी संध्याकाळी एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरवर उतरायचा ती डीएनएस नोंद) बदला, टीटीएल (जुनी नोंद बाकीचे किती वेळ लक्षात ठेवतात तो वेळ) दोन दिवस आधीच कमी करून ठेवा, आणि जुना सर्व्हर निदान आठवडाभर चालू राहू द्या, कारण काही मेल तोवर तिकडेच उतरतात.