गोबरगॅस की सिलिंडर?

गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर माझं मत गोबरगॅसला. त्यात साधारण 55 ते 65 टक्के मिथेन. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, म्हणून आच सिलिंडरपेक्षा कमी. पण गॅस निघाल्यावर उरलेलं पातळ शेण, म्हणजे स्लरी, पऱ्हाटीच्या वावरात खत म्हणून जाते, हे सिलिंडर कुठून देणार? थंडीत मात्र गॅस कमी पडतो, तेव्हा 14.2 किलोची टाकी घरात हवीच.

गळतीत खरा फरक. मिथेन हवेपेक्षा हलका, वर चढतो. छताजवळ झरोका ठेवा. सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत साचतो. दार सताड उघडा. दोन्हीत लाइटचं बटण दाबू नका.

आणि साफसफाईसाठी गोबरगॅसच्या टाकीत कधीच उतरू नका. आत प्राणवायू नसतो, विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो. वाचवायला उतरलेलाही वर येत नाही.