भाडेकरू चांगला निघाला म्हणून खूश असाल तर हे वाचा

भाडं दर महिन्याला तारखेच्या आधी, तक्रार एक नाही, नळ गळतोय म्हणूनसुद्धा कधी फोन नाही. असा भाडेकरू मिळाला की आपण देवाचे आभार मानतो आणि भाड्याच्या घरात चोरून गांजा पिकवणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं.

माझं घर बघायला आलेलं जोडपं एकदम सभ्य, नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, ओळखपत्र सगळं फाईलला लावलेलं आणि वर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. विनंती एकच, काका, हिची रात्रपाळी असते, दिवसा झोपते, येण्याआधी फोन करा. फोन केला की कधी पाहुणे, कधी आजारपण, शेवटच्या क्षणी भेट पुढे ढकललेली. ते दोघं तिथे एक रात्रही राहिले नव्हते हे नंतर कळलं, ओळखपत्र तर भलत्याच कोणाचं चोरलेलं.

खालच्यांच्या छतातून पाणी झिरपायला लागलं, दार कोणी उघडेना, शेवटी पोलिसांना बोलावलं. आत बेडरूम, हॉल सगळीकडे गांजाची झाडं!! वर ६०० वॅटचे दिवे, भिंतींना चंदेरी शीट, खिडक्यांना आतून काळं प्लास्टिक आणि रस्त्याच्या बाजूने मात्र छान फुलाफुलांचा पडदा. वास बाहेर जाऊ नये म्हणून पाइपांना कार्बन फिल्टर. एवढे दिवे चालायचे तरी बिल साधंच, कारण वीज मीटरच्या आधीच वायर जोडून चोरलेली, ती वायर पार वितळायला आली होती, बिल्डिंग पेटली नाही हे नशीब. आणि झाडांना पाणी घालायला कोंडून ठेवलेला एक पोरगा, त्याचा पासपोर्टसुद्धा दुसऱ्याच्या ताब्यात, त्याच्यावर काय चिडणार. धंद्याचे खरे मालक गायब. ह्या धंद्यात पकडला जातो तो बहुतेक वेळा असाच कोणीतरी.

घराची तर वाट लागलीये. छताला भोकं, प्लास्टरमध्ये बुरशी, वायरिंग सगळं नवीन करावं लागणार. डिपॉझिटमध्ये ह्यातलं काहीच भागत नाही.

तर आगाऊ रोख देणारा भेटला की जरा थांबा. कंपनीला फोन करायचा तर पत्रावरच्या नंबरवर नाही, स्वतः शोधलेल्या नंबरवर करा. कायम झाकलेल्या खिडक्या, काचांवर आतून ओल, रात्रंदिवस पंख्याची घरघर, माती-खताच्या गोण्या येतायत पण रोजचा कचरा जवळपास नाही, हे शेजाऱ्यांना आधी दिसतं म्हणून त्यांच्याशी बोलत राहा. थंड देशात तर म्हणे छपरांवरून कळतं, आजूबाजूला सगळीकडे बर्फ आणि दिव्यांच्या उष्णतेने ह्यांचं तेवढं कोरडं. संशय आला तरी एकटे आत शिरू नका, उघड्या वायरी असतात, काही ठिकाणी दाराच्या कडीलाच करंट सोडलेला सापडलाय, सरळ पोलिसांना कळवा.

आणि इन्शुरन्सची पॉलिसी आजच काढून वाचा. माझ्यात ठरावीक महिन्यांनी घर तपासायची अट आहे आणि आता तपासणीच्या नोंदी दाखवा म्हणून क्लेम अडवून ठेवलाय, त्या भामट्याने भेट पुढे ढकलल्याचे मेसेज तेवढे आहेत, तेच जोडून पाठवलेत.