तासाभराची बैठक आहे, काय ऐकवाल?

"काका, जॅझ नको, रॅप नको. ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं."

पुतणीच्या कॉलेजात एका संध्याकाळी तासाभराची श्रवणबैठक आहे. विषय अमेरिकेतला वर्णद्वेष. तिला हवे आहेत ते काळे संगीतकार, ज्यांनी सिंफनी आणि ऑपेराच्या दालनात राहून अन्यायाबद्दल तोंड उघडलं. हे दालन गोऱ्यांचंच, असं तिथेही फार काळ गृहीत धरलं गेलं. मी तिला तीन रचना काढून दिल्या: विल्यम ग्रँट स्टिल यांची १९४० सालची, मार्गारेट बाँड्स यांची १९६४ची आणि जोएल थॉम्प्सन यांची २०१५ साली पहिल्यांदा गायली गेलेली. अनुक्रमे साधारण वीस, पंचवीस आणि पंधरा मिनिटं. बेरीज केली तर तिन्ही मिळून नेमका तास भरतो. तोच मोह टाळायचा आहे. एकापाठोपाठ तीन शोक ऐकले की तिसऱ्याला कान बधिर होतात. एकच लावायची आणि उरलेल्या वेळात बोलायचं, असं मी सांगितलं. मग अर्थात तिचा प्रश्न आला, एक म्हणजे कोणती?

सुरुवातीची पाच मिनिटं मात्र रचनेला देऊ नका, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना द्या. १९३९ साली गायिका मेरियन अँडरसन यांना वॉशिंग्टनमधला कॉन्स्टिट्यूशन हॉल नाकारला गेला, कारण त्या काळ्या होत्या. हॉलची मालकी 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या संस्थेकडे होती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी संस्थेचा राजीनामा दिला आणि ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून गायल्या. समोर ७५ हजार माणसं. गायल्या काय? 'अमेरिका' हे देशभक्तिगीत, डोनिझेट्टीच्या ऑपेरातलं एक पद, शूबर्टचं 'आवे मारिया' आणि मग काळ्यांची भक्तिगीतं, म्हणजे स्पिरिच्युअल्स. निषेधाचं म्हणावं असं त्यात एकही नाही. फक्त देशभक्तिगीतात जिथे 'मी गाते' आहे, तिथे त्या 'आम्ही गातो' म्हणाल्या. बदललं ते एवढं एक सर्वनाम. त्या दिवशीचं चित्रण उपलब्ध आहे, ते दाखवा.

त्याला लागून अँथनी मॅकगिल. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे हे मुख्य क्लॅरिनेटवादक. जॉर्ज फ्लॉइड यांचा मिनीॲपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला त्यानंतर दोनच दिवसांनी, २७ मे २०२० रोजी, त्यांनी दीडेक मिनिटाचा व्हिडिओ टाकला. 'अमेरिका द ब्युटिफुल' एकट्या क्लॅरिनेटवर. चाल ओळखीची, पण पुढे ती मायनरमध्ये उतरते. आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार आला की पोटात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. वाजवून झाल्यावर ते दोन्ही गुडघ्यांवर बसतात, हात पाठीमागे, हातात क्लॅरिनेट. अँडरसन यांनी एक शब्द बदलला, यांनी एका गाण्याचा सूर उतरवला.

काळे गायक पॉल रोब्सन यांना मी या पाच मिनिटांत बसवलं नाही, त्यांना वेगळी संध्याकाळ लागते. डाव्या राजकीय मतांपायी १९५० साली सरकारने पासपोर्ट काढून घेतला, कॅनडाला जायला पासपोर्ट लागत नसतानाही सीमेवर अडवलं, म्हणून १८ मे १९५२ रोजी हा माणूस सीमेच्या अलीकडे उभ्या ट्रकवर चढून पलीकडच्या श्रोत्यांसाठी गायला. बैठक मुंबईत असेल तर एक धागा जरूर सांगा. १९५८ साली त्यांच्या साठाव्या वाढदिवसासाठी भारतात समिती झाली, तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला होते. अमेरिकन सरकारला ते मुळीच रुचलं नव्हतं.

आता मुख्य तिघं.

बाँड्स यांची 'माँटगोमेरी व्हेरिएशन्स' ही सर्वांत सोपी निवड. शब्द नाहीत, म्हणजे इंग्रजीचा अडसर नाही. 'आय वाँट जीझस टू वॉक विथ मी' हे एक स्पिरिच्युअल घेतलंय आणि तीच चाल सात भागांतून वेगवेगळ्या अवस्थेत येते. बंदिशीचा मुखडा पुन्हा पुन्हा भेटावा तशी ती भेटते, त्यामुळे ख्याल ऐकणाऱ्यांना धरून ठेवायला काहीतरी मिळतं. पहिल्या भागाचं नाव 'निर्णय': बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध अलाबामातल्या माँटगोमेरी शहरच्या काळ्या रहिवाशांनी बसमध्ये पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं, तो निर्णय. बहिष्कार ३८१ दिवस चालला. मग प्रार्थनासभा, मोर्चा, दक्षिणेतली पहाट. आणि त्या पहाटेनंतर 'दक्षिणेतला एक रविवार', म्हणजे १५ सप्टेंबर १९६३, अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या काळ्यांच्या चर्चमधला बॉम्बस्फोट, चार मुलींचा मृत्यू. शेवटी विलाप आणि आशीर्वाद. रचना मार्टिन ल्यूथर किंग यांना अर्पण केली आहे. बाँड्स १९७२ साली गेल्या. छापील प्रत निघायला २०२० साल उजाडलं. हीच बाई वीस वर्षांची असताना, १९३३ साली, शिकागो सिंफनी या वाद्यवृंदाबरोबर पियानोवर बसली होती. त्याच मैफलीत तिच्या गुरू फ्लॉरेन्स प्राइस यांची सिंफनी पहिल्यांदा वाजली. एवढ्या नावाच्या बाईची रचना इतकी वर्षं कपाटात राहते, हा भाग संगीताइतकाच सांगण्यासारखा आहे.

पण माझी अडचण अशी की भागांची नावं सांगितली नाहीत तर पोरं ती सिनेमाचं पार्श्वसंगीत समजून मान डोलावतील. आणि आशीर्वाद फार लवकर येतो. चर्चमधल्या स्फोटानंतर काही मिनिटांत श्रोत्याच्या डोक्यावरून हात फिरवला जातो. श्रद्धाळू माणसाला ते बरोबर वाटेल. मला घाई वाटते.

थॉम्प्सन यांची 'सेव्हन लास्ट वर्ड्स ऑफ द अनआर्म्ड' याच्या अगदी उलट आहे. अठराव्या शतकातल्या हायडन या संगीतकाराने क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या शेवटच्या सात वचनांवर रचना केली होती, तो साचा घेऊन त्यात सात निःशस्त्र काळ्या पुरुषांचे शेवटचे शब्द बसवले आहेत. 'सशस्त्र माणूस' या अर्थाच्या मध्ययुगीन फ्रेंच गाण्याचा धागाही त्यात येतो. चर्चसंगीत माहीत असणाऱ्याला हा टोमणा चांगलाच लागतो, आपल्या पोरांना तो समजावून सांगावा लागेल. मूळ रचना पुरुषांच्या कोरससाठी. मिशिगन विद्यापीठाच्या ग्ली क्लबने, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गायनमंडळाने, ती यूजीन रॉजर्स यांच्या दिग्दर्शनाखाली नोव्हेंबर २०१५मध्ये पहिल्यांदा गायली. शेवटचं वचन एरिक गार्नर यांचं आहे, ज्यांचा न्यूयॉर्कच्या पोलिसाने गळा आवळला होता: 'आय कान्ट ब्रीद'. ते आता घोषणा झालंय, त्यामुळे थोडं झिजलंयही. पण तिसरं ऐका. अमादू डियालो, गिनीहून आलेला २३ वर्षांचा तरुण; १९९९ साली न्यूयॉर्कच्या चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या, चौघेही निर्दोष सुटले. त्याचं जे शेवटचं बोलणं या रचनेत आहे, ते आईशी झालेलं: "आई, मी कॉलेजला जाणार आहे."

कॉलेजच्या हॉलमध्ये हे वाक्य कोरसकडून ऐकणं काय असेल ते मला सांगायला नको. तिथेच माझं मन कचरतंही. मरणाऱ्या माणसाचे शब्द इतक्या सुंदर स्वरांत गुंफले की ऐकणारा हळवा होतो, रुमाल काढतो आणि हलका होऊन घरी जातो. थॉम्प्सन यांचा हा हेतू नव्हता. त्यांनी ती आधी स्वतःपुरती, डायरीसारखी लिहिली होती. पण रचना एकदा बाहेर पडली की ऐकणारा तिचं काय करील हे कोणाच्या हातात असतं?

स्टिल यांची 'अँड दे लिंच्ड हिम ऑन अ ट्री', म्हणजे 'आणि जमावाने त्याला झाडाला लटकवून मारलं', ही सोय ठेवत नाही. रंगमंचावर दोन कोरस. रचना सुरू होते तेव्हा खून होऊन गेलेला आहे आणि पहिला आवाज आहे जमावाचा. गोऱ्यांचा कोरस, काम उरकून घरी निघालेला. ते जातात, मग अंधारात काळी माणसं प्रेत शोधत येतात, मग आईचा शोक, तो एका काँट्राल्टो, म्हणजे स्त्रीच्या खालच्या पट्टीतल्या, आवाजात. शेवटी दोन्ही कोरस एकत्र. २५ जून १९४० रोजी न्यूयॉर्कच्या लुइसन स्टेडियमवर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर हे झालं तेव्हा गोरा कोरस खरोखर गोऱ्यांचा होता आणि काळा काळ्यांचा. भद्र घरांतल्या गोऱ्या गायकांना झाडाखालच्या टोळक्याची भूमिका गावी लागली. शब्द कॅथरिन गॅरिसन चेपिन या गोऱ्या कवयित्रीचे. त्यांचे पती फ्रान्सिस बिडल तेव्हा अमेरिकेचे सॉलिसिटर जनरल होते. आणि सरकारचा कायदा? लिंचिंगविरोधी विधेयक प्रतिनिधिगृहात १९२२ साली मंजूर होऊन सिनेटमध्ये अडलं. लिंचिंगला केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा झाला २९ मार्च २०२२ रोजी. बरोबर शंभर वर्षांचं अंतर.

माझं मत स्टिल यांच्या बाजूने आहे. बाँड्स तुम्हाला चालणाऱ्यांबरोबर चालवतात, थॉम्प्सन मरणाऱ्याशेजारी बसवतात. दोन्हीकडे श्रोता आपोआप चांगल्या माणसांत जमा होतो. स्टिल आधी जमावात उभं करतात. बैठकीत नंतर बोलणं व्हायचं असेल तर त्या अवघडलेपणातून होतं. तोटे आहेत: जुनी भाषा, निवेदकाचा काहीसा नाटकी सूर, ध्वनिमुद्रणं मोजकीच. फोनच्या स्पीकरवर दोन्ही कोरस एकमेकांत कालवले जातात आणि मग सगळंच वाया. हॉलची यंत्रणा बरी नसेल तर सरळ बाँड्स लावा. अँथनी डेव्हिस यांचं क्लॅरिनेट कॉन्चेर्टो, म्हणजे एकल क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदाची रचना, ज्यात वादकच पोलिसांचं 'तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे' हे ठरलेलं वाक्य बोलतात, तेही उत्तम आहे. पण पहिल्या बैठकीला नको.

हे सगळं मी पुतणीला फोनवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि थॉम्प्सन निवडले. "काका, तुमचं पटतंय. पण आमच्यातले निम्मे घरातले पहिलेच कॉलेजात आलेत," म्हणाली. यावर मी काय बोलणार?

आता सातही वचनांचं मराठी पडद्यावर दाखवायचंय, ते काम माझ्याकडे आलंय. सहा झाली. गार्नर यांच्यापाशी अडलोय. 'जीव गुदमरतोय' चांगलं मराठी आहे, पण ते आपण लोकलच्या गर्दीतही म्हणतो. 'श्वास घेता येत नाहीये' लिहून ठेवलंय सध्या. ते लांब होतं, दुसरी ओळ लागते.