कूलरचं कव्हर: कापड चांगलं, चेन टाकाऊ

मृगाच्या सरी सुरू झाल्या की नागपुरात खिडक्याखिडक्यांतले कूलर उतरतात आणि होळीपर्यंत हे धूड ठेवायचं कुठे, हा घरोघरचा प्रश्न. आमचा पत्र्याचा मोठा कूलर जिन्याखाली जातो. यंदा त्याच्यासाठी सीताबर्डीतून साडेचारशे रुपयांचं कव्हर आणलं. सासूबाई म्हणाल्या, "काहून पैसे घालवतं बाई? जुनी चादर टाक नं त्याच्यावर!"

त्यांचं अगदीच चूक नाही. सुती चादरीतून हवा खेळते, पण बारीक धूळही आत जाते आणि मांजर एकदा वर चढलं की चादर खाली. हे कव्हर जाड, छत्रीसारख्या कापडाचं आहे, खालच्या कडेला नाडी आहे, ती ओढली की घट्ट बसतं. बूड उघडं राहतं, आणि मला हेच सगळ्यात आवडलं. दुकानात चकचकीत प्लास्टिकची कव्हरंही होती, शंभरेक रुपयांनी स्वस्त. ती घेऊ नका. पावसाळ्यातली दमट हवा आत कोंडते, रात्री पत्रा गार पडला की त्यावर दव धरतं, आणि दिवाळीच्या साफसफाईत कव्हर काढाल तेव्हा कोपऱ्याकोपऱ्याला गंज. शेजारच्या काकूंच्या कूलरचं हेच झालं.

आता तक्रारी. चेन अगदी हलकी. पहिल्या महिन्यातच एका जागी दात सुटले, तिथे मी सेफ्टी पिन लावली आहे. पाकिटावर "वॉटरप्रूफ" छापलंय ते कापडापुरतं खरं. शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपतं. गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीत कूलर ठेवणाऱ्यांनी याच्या भरवशावर राहू नये. सोबत सिलिका जेलची एक पुडी फुकट मिळते. बंद डब्यात ती ओल शोषते हे खरं, पण खालून उघड्या कव्हरात बिचारी काय करणार! मी ती ह्यांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकली.

कव्हर घालण्याआधीचं काम मात्र कव्हरपेक्षा मोठं. वाळ्याच्या ताट्या काढून कडक उन्हात वाळवायच्या. ओल्या ठेवल्या तर बुरशी धरते आणि पुढच्या वर्षी तोच कुबट वास घरभर. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे पंपावर पांढरा क्षार बसतो. लिंबूसत्वाच्या पाण्यात पंप तासभर बुडवून, साध्या पाण्याने धुऊन, कोरडा करून वेगळा ठेवते. नाहीतर आतली चक्री जाम होते. टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. डेंगीच्या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीलाच अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. टाकीत पुन्हा पाणी भरलं की अळ्या! म्हणून काथ्याने खसाखसा घासायची. पावसाळ्यात महापालिकेची माणसं कूलर तपासायला येतात, तेव्हा आमची टाकी मी ऐटीत दाखवते.

कूलर जमिनीवर टेकवू नका, चार विटांवर ठेवा. वायरची गुंडाळी कव्हरच्या मागच्या खिशात बसते. हा खिसा ज्याने शिवला त्याला शाबासकी. खाली वायर लोंबत राहिली तर उंदीर कुरतडतात.

मापाचं एक सांगते. दुकानदार "दोन फुटी" म्हणून देतो तो फक्त रुंदीचा आकडा. मागे पाण्याच्या नळीची तोटी बाहेर आलेली असते आणि खाली चाकांचा स्टँड असतो, ते धरून टेपने मोजा आणि एक माप मोठंच मागा. राखाडी आणि मरून असे दोन रंग मिळतात. मरून धुताना रंग सोडतो.

पाचपैकी साडेतीन. चेनऐवजी बंद लावलेलं मिळालं तर दुसरं घेईन, बेडरूमच्या कूलरला.