हॉटसिंक फसलं, पत्ते गायब: डेस्कटॉपची प्रत, कार्ड की जे-पायलट?

पाम या हातात मावणाऱ्या डायरीवजा यंत्राचं हॉटसिंक, म्हणजे कॉम्प्युटरशी नोंदी जुळवून घेणं, मध्येच तुटलं आणि पत्त्यांची यादी रिकामी दिसली, की बहुतेकांचा हात पुन्हा त्याच बटणाकडे जातो. तो आवरा. एका बाजूला झालेली खराबी हॉटसिंक तितक्याच इमानाने दुसऱ्या बाजूला पोचवतं. यंत्र क्रेडलमधून (जोडणीच्या स्टँडमधून) काढा, टास्कबारवरचा हॉटसिंक मॅनेजर बंद करा आणि पाम डेस्कटॉप या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं जे फोल्डर असेल, ते जसंच्या तसं दुसरीकडे कॉपी करून ठेवा. पुढचा मार्ग कुठलाही घ्या, हे आधी.

मग यंत्र न जोडता पाम डेस्कटॉप उघडून बघा. नोंदी तिथे धडधाकट असतील तर फार शोधायची गरजच नाही. हॉटसिंकच्या कस्टम यादीत डेटबुक (भेटीगाठींची वही), अ‍ॅड्रेस बुक अशा प्रत्येक नोंदवहीची दिशा वेगळी ठरवता येते. गेलेल्या नोंदवहीपुरतं ‘डेस्कटॉपने हँडहेल्डवर लिहावं’ निवडा, बाकीच्या तशाच राहू द्या. तोटा एकच, पण मोठा: शेवटच्या यशस्वी हॉटसिंकनंतर त्या नोंदवहीत यंत्रावर टिपलेलं सगळं पुसलं जातं. चार नव्या नोंदी असतील तर आधी कागदावर उतरवून घ्या. ‘डीफॉल्ट’वर मात्र टिचकी मारू नका, नाहीतर पुढचं प्रत्येक हॉटसिंक एकतर्फीच होत राहील.

डेस्कटॉपही रिकामा दिसत असेल तर खरा पेच सुरू होतो, आणि लोक नेमके इथेच हार्ड रीसेटकडे, म्हणजे यंत्रावरचं सगळं पुसण्याकडे, धावतात. त्याआधी तुमच्या फोल्डरमधलं ‘अ‍ॅड्रेस’ किंवा ‘डेटबुक’ हे फोल्डर उघडा. डॉट डॅट (.dat) फाइलशेजारी त्याच नावाची डॉट बॅक (.bak) फाइल असते. ती आधीच्या अवस्थेची प्रत. दोन्हींच्या तारखा आणि आकार ताडून पाहा. डॅट काही केबींची आणि बॅक तिच्या कितीतरी पट मोठी असेल, तर तुमचे पत्ते बहुधा तिथेच आहेत. पाम डेस्कटॉप बंद करून डॅटचं नाव बदला, बॅकच्या प्रतीला डॅटचं नाव द्या, पुन्हा उघडून नोंदी तपासा आणि मगच वरच्यासारखं एकतर्फी हॉटसिंक करा. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात पसंत आहे. पैसे लागत नाहीत, एकाच नोंदवहीला हात लागतो, आणि जमलं नाही तर कॉपी केलेलं फोल्डर आहेच. अट एवढीच की घाबरून दोन-तीनदा हॉटसिंक केलेलं नसावं, कारण तेवढ्यात बॅकमध्येही रिकामी अवस्था जाऊन बसते.

कार्डवरच्या बॅकअपचं तसं नाही. बॅकअपबडी व्हीएफएस, रेस्को बॅकअप यांसारखे प्रोग्रॅम एसडी कार्डावर प्रती ठेवतात. कॉम्प्युटरपासून लांब असतानाही नोंदी, प्रोग्रॅम, सेटिंग सगळं परत येतं. प्रवासात असाल तर याला तोड नाही. पण ‘सगळं’ या शब्दातच गोम आहे: ज्या बिघडलेल्या डेटाबेसमुळे हॉटसिंक तुटलं, तोही परत येऊ शकतो. एका मॉडेलचा पूर्ण बॅकअप दुसऱ्यावर चढवला तर यंत्र सारखं रीसेट होत बसण्याचा धोका वेगळाच. शक्य असेल तिथे नुसता गेलेला डेटाबेस निवडून परत आणा, आणि त्यानंतरचं पहिलं हॉटसिंक ‘हँडहेल्डने डेस्कटॉपवर लिहावं’ असं करा.

यंत्र कुठलं आहे यावरही निवड फिरते. २००४ च्या टंगस्टन टी५ आणि ट्रिओ ६५० पासून नोंदी फ्लॅश मेमरीत राहू लागल्या. त्याआधीच्या यंत्रांत त्या रॅममध्ये, म्हणजे बॅटरी पूर्ण उतरली की साफ. अशा जुन्या यंत्राबद्दल सल्ला घ्यायला वेळ दवडू नका, आधी चार्जर लावा किंवा सेल बदला.

राहिला उलटा प्रसंग: नोंदी यंत्रावर शाबूत, पण कॉम्प्युटर नवा आणि ६४ बिट विंडोजवर पाम डेस्कटॉप यूएसबीने जोडून घेत नाही. इथे लिनक्सवरचं जे-पायलट किंवा त्याच्या पोटातलं पायलट-लिंक उपयोगी पडतं. पायलट-लिंकमधला पायलट-एक्सफर (pilot-xfer) सगळे डेटाबेस पीडीबी (.pdb) फाइल म्हणून उतरवून घेतो. थोडं कमांड लिहिण्याची तयारी हवी, पण फाइल एकदा हाती आली की मेमोचा मजकूर साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही वाचता येतो. ‘प्रायव्हेट’ म्हणून लपवलेल्या नोंदीही त्यात उघड दिसतात, कारण त्यांवर नुसती खूण असते, कुलूप नव्हे. ती फाइल कोणाला दुरुस्तीला पाठवणार असाल तर त्यात पासवर्ड लिहिलेले नाहीत ना, ते पाहून घ्या.

हार्ड रीसेट अगदी शेवटी, आणि डेस्कटॉपवरच्या नोंदी स्वतः डोळ्यांनी पाहिल्यावरच. त्यानंतरच्या हॉटसिंकला कॉम्प्युटर नाव विचारतो. यादीतलं जुनंच नाव निवडा. नवं नाव टाकलंत तर रिकामं फोल्डर तयार होईल आणि यंत्रही रिकामंच राहील.