ड्रम घ्या, कॅन घेऊ नका

सातारा रोडला, कात्रजच्या अलीकडे, जीवामृत (रानात सोडायचं, शेण-गोमूत्र-गूळ-बेसन आंबवून केलेलं पाणी) आणि घनजीवामृत (त्याचाच सुका प्रकार) विकणारं एक दुकान आहे. दोन रब्बी हंगाम मी तिथली गिऱ्हाईक आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार येणार आहे आणि माणसं तशी भली आहेत.

मी पोस्टातून निवृत्त, राहते धनकवडीत. नसरापूरजवळ सासरची दीड एकर जमीन आहे, ती वाटेकरी बघतो. पावसाळ्यात इंद्रायणी भात, नंतर विहिरीच्या पाण्यावर लोकवन गहू. २०२३ च्या रब्बीत मी ठरवलं, वीस गुंठ्यांत युरियाचा एक दाणा टाकायचा नाही. शेजारच्या वीस गुंठ्यांत नेहमीसारखं चालू दे.

आधी कॅनचं सांगते. ५ लिटर, ३५० रुपये. "सहा महिने टिकतं काकू, पाण्यात मिसळा आणि सोडा." डिकीत ठेवला. बोगदा ओलांडून शिंदेवाडीला पोचेपर्यंत कॅन गडूसारखा फुगला. झाकण सैल केलं तर फस्सकन निम्मं बाहेर. आठवडाभर गाडीत कुणी बसेना. जीवामृत म्हणजे जिवंत वस्तू, दोन दिवस आंबवायचं आणि आठवड्याच्या आत रानात घालायचं. ते घट्ट झाकण लावून सहा महिने फळीवर कसं ठेवता, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "कंपनीकडून तसंच येतं."

ड्रम मात्र ते स्वतः भरतात, आणि तो उत्तम आहे. २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. सावलीत ठेवलेला, तोंडाला गोणपाट, रोज दोनदा काठीनं ढवळलेला. वास आंबूस, कुजका नाही. ६०० रुपये, ड्रमची अनामत वेगळी.

दर तीन आठवड्यांनी १०० लिटर असं पाच वेळा पाटाच्या पाण्याबरोबर सोडलं. जानेवारीत वाटेकऱ्याचा फोन आला. "ताई, गहू पिवळा पडलाय. रानाला नुसतं ताक पाजताय, भाकर कधी घालणार?"

हा माणूस चौथी शिकलेला, पण मी कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा त्याचंच खरं निघालं. पोस्टाच्या काउंटरवर आयुष्य गेलं, हिशेब केल्याशिवाय झोप येत नाही. बागायती गव्हाला नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, शिफारस हेक्टरी १२० किलो, म्हणजे वीस गुंठ्यांना २४ किलो. एका ड्रममधलं शेण, गोमूत्र, बेसन सगळं धरलं तरी नत्र फार तर पाव किलो. माझे अडीच ड्रम गेले, म्हणजे पाऊण किलोच्याही आत. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत वीस किलोंहून जास्त असतं. मळणी झाली तेव्हा युरियाच्या तुकड्यात सहा क्विंटल आणि जीवामृताच्या तुकड्यात चार.

दुकानाच्या भिंतीवर नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांचा फोटो आहे. त्यांच्या पद्धतीत बीजामृत (बियाण्याला चोळायचं), जीवामृत, आच्छादन (पालापाचोळ्यानं माती झाकणं) आणि वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही राखणं) अशा चार गोष्टी आहेत, आणि जीवामृताला ते विरजण म्हणतात, खत नव्हे. पहिल्या दोन गोष्टी काउंटरवर मिळतात. उरलेल्या दोन कॅनमध्ये भरता येत नाहीत, म्हणून बहुधा त्यांचं नावही कुणी घेत नाही. मी विरजण आणलं होतं, घरात दूधच नव्हतं, म्हणजे रानात कुजायला काही नव्हतं. भाताचा सगळा पेंढा वाटेकऱ्याच्या म्हशींना जातो, रानात परत काय पडतं? धसकटं.

दुसऱ्या वर्षी निम्मा पेंढा मागून घेतला. यावर आमची दिवाळीभर धुसफूस चालली. शेवटी त्याला कडब्याचे पैसे दिले. पेरणीआधी दोन ट्रॉल्या शेणखत, त्यावर याच दुकानातलं घनजीवामृत, उगवणीनंतर ओळींत पेंढ्याचं आच्छादन, आणि ड्रम ठरल्याप्रमाणे. गहू सव्वापाच क्विंटल झाला, शेजारच्या तुकड्यात पुन्हा सहा. एक पाणी वाचलं. पेंढा उचलला की खाली गांडुळं दिसायची, पहिल्या वर्षी शोधूनही सापडत नव्हती. आता यात श्रेय जीवामृताचं किती आणि शेणखताचं किती, हे वेगळं काढता येणार नाही. चूक माझी, दोन्ही एकदम घातलं.

माती दोन्ही वेळा पुण्यातच तपासून घेतली. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणातून मातीत आलेला कार्बन, ०.३८ वरून ०.४३ टक्के झाला. दुकानदारांनी तो कागद भिंतीवर लावायला मागितला, मी दिला नाही. एवढा फरक नमुना बांधाच्या जवळून घेतला की मधून, यानंही पडतो. हातात धरलेलं ढेकूळ पूर्वीपेक्षा सहज फुटतं, हे मात्र मी कुणालाही छातीठोक सांगेन.

चवीचं विचाराल तर यजमान म्हणतात, पोळी गोड लागते. म्हणून दोन्ही गव्हांचं पीठ सारख्या डब्यांत भरून शेजारच्या वहिनींना दिलं. त्यांनी युरियाचं निवडलं. यजमानांना अजून सांगितलेलं नाही.

भाताला हे देऊन पैसे घालवू नका. निदान आमच्याकडे तरी. जुलैत लावणीनंतर ड्रम सोडला, रात्री पाऊस झाला, एका खाचरातलं पाणी दुसऱ्यात आणि तिथून ओढ्याला. आमचं जीवामृत खालच्या शेतकऱ्यांना फुकट मिळालं.

ड्रमला आणि घनजीवामृताला पाचपैकी चार, कॅनला शून्य. ड्रम दोन दिवस आधी फोन करून सांगावा लागतो, टेम्पो आपला आपण करायचा. रिकामा ड्रम परत देताना धुऊन न्या, नाहीतर अनामतीतले पन्नास रुपये कापतात. माझे दोनदा कापले.