डीओएबी : पुस्तकाआधी प्रकाशक तपासणारी सूची

सांगली जिल्ह्यातल्या एका सीनियर कॉलेजची मी ग्रंथपाल. मार्च जवळ आला की स्टाफरूममधून एकच प्रश्न येतो, "मॅडम, हा पब्लिशर चालेल का?" सोबत व्हॉट्सअॅपवर फिरणारी जाहिरात : चॅप्टर पाठवा, आठ दिवसांत आयएसबीएनसह पुस्तक, ई-सर्टिफिकेट लगेच, सहलेखक असल्यास जादा शुल्क. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, प्राध्यापकांच्या भरती-बढतीच्या २०१८च्या नियमांत संपादित पुस्तकातल्या एका प्रकरणाला ५ गुण आहेत. स्वतःचं पुस्तक राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलं तर १०, आंतरराष्ट्रीय असेल तर १२. या जाहिराती त्या गुणांच्या जिवावर चालतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी आता 'ओपन अॅक्सेस' (कुणालाही मोफत वाचायला खुलं) हा शब्दही चिकटवून घेतलाय, प्रत्यक्षात नुसती पीडीएफ कुठंतरी लटकवून ठेवतात.

अशा वेळी मी डीओएबी उघडते. डिरेक्टरी ऑफ ओपन अॅक्सेस बुक्स, म्हणजे मोफत वाचता येणाऱ्या अभ्यासग्रंथांची इंटरनेटवरची सूची. लॉगिन नाही, वर्गणी नाही. २०१२ साली ओआपेन या डच प्रतिष्ठाननं ती सुरू केली. हेगला नेदरलंड्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांचं बस्तान आहे. पुढं फ्रान्सचं ओपनएडिशन हे मुक्त प्रकाशनाचं व्यासपीठ जोडीला आलं आणि दोघांनी मिळून तिचं वेगळं प्रतिष्ठान केलं. आज ऐंशी हजारांहून जास्त नोंदी आहेत. पण माझ्या कामाचा भाग आकड्यात नाही, दारावरच्या तपासणीत आहे.

इथे पुस्तक सुटं येत नाही, आधी प्रकाशकाला अर्ज करावा लागतो. पुस्तक अभ्यासाचं हवं, छापण्याआधी बाहेरच्या जाणकारांनी तपासलेलं हवं, आणि त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा (सीसी) मुक्त परवाना, म्हणजे इतरांनी पुस्तक कसं वापरायचं याची आधीच दिलेली परवानगी, स्पष्ट लिहिलेला हवा. पिअर रिव्ह्यू, म्हणजे ही जाणकारांकडची तपासणी, कशी करता आणि परवाना कोणता देता, हे प्रकाशकानं स्वतःच्या वेबसाइटवर उघड मांडलेलं असलं पाहिजे. हे सगळं बघून मग प्रकाशक आत. कागदावर साधं वाटतं, पण वरच्या जाहिरातीतल्या प्रकाशकाला लावून बघा. तपासणीच्या अटीलाच गडी आडवा. आठ दिवसांत कुठला परीक्षक वाचून, शेरे देऊन, दुरुस्त्या तपासून मोकळा होतो?

आमच्याकडे आयएसबीएनचा दरारा फार. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो विनाशुल्क देते. तेरा आकडी क्रमांक आहे तो, पुस्तकाची ओळख पटवण्यापुरता. आतला मजकूर कुणी वाचला की नाही, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "पण मॅडम, आयएसबीएन आहे की!"

नियतकालिकांच्या बाबतीत निदान काहीतरी होतं. यूजीसी-केअरची, म्हणजे यूजीसीला मान्य नियतकालिकांची, यादी पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठातून सांभाळली जायची. २०१९ला आली, २०२५मध्ये गेली. तिच्यावर सगळ्यांची कुरकुर असायची, माझीही होती, पण बोट ठेवायला जागा होती. जगभर डीओएजे (डिरेक्टरी ऑफ ओपन अॅक्सेस जर्नल्स) आहे, तीही नियतकालिकांची. २००३मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात ती सुरू झाली. २०१४मध्ये त्यांनी निकष कडक केले, सगळ्यांना पुन्हा अर्ज करायला लावले, आणि २०१६मध्ये मुदतीत अर्ज न आलेली तीन हजारांवर नियतकालिकं एका झटक्यात काढून टाकली. पुस्तकांसाठी आपल्याकडे तसं काहीच नाही. म्हणून डीओएबीची किंमत मला जास्त वाटते.

आता तिचं सगळ्यात चांगलं अंग, ज्याकडे लोक बघतच नाहीत : प्रिझम. डीओएबीत काही पुस्तकांच्या पानावर या नावाखाली परीक्षणाची वेगळी माहिती मिळते. परीक्षण नुसत्या प्रस्तावाचं झालं की पूर्ण हस्तलिखिताचं? कुणी केलं, संपादक मंडळानं की बाहेरच्या तज्ज्ञांनी? लेखक-परीक्षकांना एकमेकांची नावं माहीत होती का? हे फरक मोठे आहेत. दहा पानी प्रस्ताव दोघांनी पाहणं वेगळं आणि तीनशे पानांचं हस्तलिखित ओळीनं वाचणं वेगळं, पण जाहिरातीत दोन्हींना 'पिअर रिव्ह्यूड'च म्हणतात. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मी आधी हे दाखवते, पुस्तक नंतर.

पण इथेच माझी तक्रारही आहे. प्रिझम ऐच्छिक आहे. ज्या प्रकाशकाला ही माहिती द्यायची आहे तो देतो, बाकीचे गप्प. आणि जो देतो तोही स्वतःच देतो. डीओएबी प्रत्येक पुस्तकाचे परीक्षण-अहवाल मागवून वाचत नाही, ते शक्यही नाही. म्हणजे इथे हमी मिळते ती प्रकाशकाच्या पद्धतीची. मुंबई बाजाराच्या आंब्याच्या पेटीवर बागायतदाराचं नाव असतं तसं, प्रत्येक आंबा काही कुणी कापून बघितलेला नसतो. यादीत आहे म्हणून पुस्तक डोळे झाकून थोर मानू नका. आणि उलटही खरं : यादीत नाही म्हणून प्रकाशक बोगस, असंही नाही. आपल्याकडचे कितीतरी नामवंत प्रकाशक तिथे दिसत नाहीत, कारण ते पुस्तकं विकतात, मुक्त परवान्यानं देत नाहीत. एका प्राध्यापकांनी यावरून माझ्याशी चांगलाच वाद घातला होता.

पैशाबद्दलही गैरसमज आहे. लेखकाकडून पैसे घेतले की फसवणूक, असं सरळ गणित इथे चालत नाही. मोठी विद्यापीठीय प्रकाशनं एका मुक्त ग्रंथासाठी दहा हजार पौंडांच्या आसपास शुल्क लावतात. बहुतेक वेळा ते लेखकाची संस्था किंवा संशोधन निधी भरतो. डीओएबी असं शुल्क नाकारत नाही. दुसरीकडे केंब्रिजचं ओपन बुक पब्लिशर्स बघा. २००८पासून चालू आहे, लेखकाला शुल्काची सक्ती नाही, पीडीएफ फुकट, छापील प्रत विकत, आणि ग्रंथालयांच्या सभासदत्वातून खर्चाला हातभार. उत्तर भारतातल्या संगीत-साहित्य-सादरीकरणावरचा त्यांचा २०१५चा निबंधसंग्रह आमच्या संगीताच्या मॅडमनी नोंदी काढत वाचलाय. शुल्क घेतलं की नाही यापेक्षा, पैसे भरण्याआधी परीक्षण झालं का आणि नापास करायची मुभा परीक्षकाला होती का, हे विचारा.

मराठी विभागाच्या सरांसाठी मी सातवाहन आणि प्राकृत शोधत होते. अँड्र्यू ओलेट यांचा प्राकृतवरचा ग्रंथ मिळाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनानं त्यांच्या ल्युमिनोस या मुक्त मालिकेत २०१७ला काढलेला. सातवाहन, नाणेघाटाचा लेख, महाराष्ट्री प्राकृत, गाथासप्तशतीचं जग. आमच्या दाराशी असलेला विषय, आणि मिळाला पार कॅलिफोर्नियाहून, एक रुपया न देता. सर दोन दिवस बोलले नाहीत, वाचत होते.

मग त्यांनी विचारलं, यातल्या एका प्रकरणाचा मराठी अनुवाद छापता येईल का? इथं परवान्याची ओळ कामी येते. नोंदीवरच परवाना दिलेला असतो. सीसी बाय हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असेल तर लेखकाचं श्रेय देऊन, अनुवाद केल्याचं सांगून खुशाल छापा. त्यात एनडी ही अक्षरं असतील तर अनुवाद प्रसिद्ध करायला परवानगी मागावीच लागेल, पुस्तक फुकट असलं तरी. एनसी असेल तर व्यापारी वापर नाही. आपल्याकडे पीडीएफ मिळाली की सगळं आपलंच, अशी समजूत आहे. ती या एका रकान्यानं उतरते.

ग्रंथपालांसाठी दोन गोष्टी. नोंदींचा मेटाडेटा (शीर्षक, लेखक वगैरे तपशील) सीसी झिरोखाली, म्हणजे कुठल्याही अटीविना, मोकळा आहे आणि मार्क एक्सएमएल या ग्रंथालयीन नोंदींच्या साच्यात मिळतो, त्यामुळं निवडक नोंदी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येतात. सरसकट घेऊ नका, कॅटलॉग इंग्रजी-जर्मन-फ्रेंचनं तुंबेल आणि आपली मुलं वैतागतील. दुसरं, शोधताना पुस्तक आणि प्रकरण वेगळं करा. काही प्रकरणांच्या स्वतंत्र नोंदी असतात, त्यामुळं यादी दिसते त्यापेक्षा लांब वाटते.

आणि एखादा प्रकाशक स्वतःच्या वेबसाइटवर 'इंडेक्स्ड इन डीओएबी' असं बोधचिन्हासकट मिरवत असेल तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. डीओएबीत जाऊन प्रकाशकाच्या नावानं शोधा. बोधचिन्ह कुणालाही उचलून लावता येतं.

पाचपैकी चार तारे. एक तारा प्रिझम सक्तीचं नाही म्हणून कापला. मराठी ग्रंथांसाठी मात्र इथे येऊ नका, मराठी माध्यमातल्या बीएच्या मुलाला थेट देण्यासारखं इथे फारसं काही नाही. हा दोष मी सूचीवर टाकत नाही. आपल्या विद्यापीठांच्या प्रकाशन विभागांनी परीक्षणाची पद्धत लिहून वेबसाइटवर टाकावी, पुस्तकाच्या मागच्या पानावर परवाना छापावा आणि अर्ज करावा. अर्जाला शुल्क नाही.